लाल शाईनं लिहायचं राहिलं ते

८ जानेवारी २००७, सोमवार

कंपनीनं यंदाही डायरी दिली. वर रायपूरजवळच्या नव्या राजधानीचं रंगीत चित्र, आत पानोपानी सुविचार. दरवर्षी ही डायरी मीरा किराण्याच्या यादीसाठी घेते. यंदा मी म्हटलं, दे इकडं, मले काम आहे. ती म्हणे, तुमाले कायचं काम. बायकोले सगळं सांगावंच लागते का?

काम असं की माही तब्येत बिघडली आहे अन् डॉक्टरले धड सांगता येत नाही. गुढियारीच्या आमच्या डॉक्टरनं विचारलं, धडधड केव्हा होते? मी म्हटलं, केव्हाही. तो म्हणे, केव्हाही म्हणजे काय? बरोबर आहे त्याचं. पंधरा वर्षं झाली, सिलतऱ्याच्या लोखंडाच्या प्लांटात भट्टीच्या कंट्रोल रूममध्ये शिफ्टचं रजिस्टर लिहून राहिलो. नवा माणूस आला की साहेब त्याले माहं रजिस्टर दाखवतात, म्हणतात गजभियेसारखं लिही. अन् त्या देवीदास गजभियेले स्वतःच्या छातीचं सांगता येऊ नये? तर आजपासून नोंद. वेळ, लक्षण, कारण.

सकाळी ६.१०. कुकरची शिटी झाली. छातीत धडधड, हाताले घाम, पंधरा मिनिटं. कारण: माहीत नाही.

दुपारी १.३०. बसच्या ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. तेच. कारण: माहीत नाही.

११ जानेवारी, गुरुवार

मीरानं सुई-दोऱ्याचा डबा उपसला होता. त्यातून वायरचा तुकडा काढला, लाल, बोटभर, दोन्ही टोकं सोललेली. म्हणे, ऑक्टोबरात तुमच्या प्लांटाच्या पँटच्या खिशात सापडला होता, कामाचा आहे काय? मी म्हटलं, फेक. ती म्हणे, बरं. असल्या भंगारासाठी माणसाले जेवताना विचारायचं काही कारण होतं का? मी ताटावरून उठलो.

रात्रीचं जेवण नाही. धडधड वीस मिनिटं. कारण: चहा जास्त झाला असंल.

१४ जानेवारी, रविवार

दर रविवारी जातो तसा ब्राह्मणपाऱ्यात अनंतरावकडं गेलो. अनंतराव भुसारी म्हणजे माहाच जोडीदार, एकाच खुर्चीवर वेगवेगळ्या शिफ्टात बसणारे आम्ही दोघं. तो अमरावतीकडचा, मी भंडाऱ्याचा. प्लांटात मराठी बोलणारे दोघंच, म्हणून आमचा एक करार होता: दसरा माहा, दिवाळी त्याची. दसऱ्याले आम्ही नागपूरले दीक्षाभूमीवर जातो, तर माही शिफ्ट तो करे. दिवाळीत त्याची मी करो. अकरा वर्षांत एकदाही चुकलं नाही. स्वतःच्या घरचा दसरा सोडून तो माह्या खुर्चीत बसे, अन् आम्ही परतलो की माह्या दाराशी सोनं द्याले येई.

गेल्या दसऱ्याले, २ ऑक्टोबरले, तो माह्या जागी होता. भट्टीतला माल थंड करणाऱ्या कूलरच्या प्लॅटफॉर्मवर काही पाहाले गेला अन् तिथं गॅस होता. या गॅसले ना वास ना रंग. अर्धा तास पडून होता म्हणतात. जीव वाचला, पण डोक्यात नवं काही टिकत नाही. जुनं सगळं आठवते, सकाळचं संध्याकाळी नाही. चौकशीत निघालं की गॅसचा हूटर, म्हणजे धोक्याचा भोंगा, वाजला होता, त्यानंच लक्ष दिलं नाही. मी तर नागपुरात होतो. मी तिथं नव्हतोच.

मले पाहिलं की तो खुश होते. दर रविवारी पहिला प्रश्न एकच: "नागपूर कसं झालं रे?" त्याच्या डोक्यात मी अजून कालच गाडीत बसलो आहे. मी दर रविवारी सांगतो, गर्दी होती, पन्नास वर्षांचा सोहळा होता, आईनं डोळे भरून पाहिलं. तो प्रत्येक वेळी नव्यानं ऐकते. मग त्याचं तोंड उतरते अन् तो हळूच विचारते:

"देवीदास, मी एवढा बेफिकीर होतो काय रे?"

मी म्हटलं, होते अनंतराव, माणूस आहे.

संध्याकाळी ५.२०. बूढ़ा तालाबाजवळ स्कूटर थांबवावी लागली. धडधड दहा मिनिटं. कारण: ऊन लागलं असंल. (जानेवारी आहे. पण रायपूरचं काही सांगता येत नाही.)

२ फेब्रुवारी, शुक्रवार

तीन आठवड्यांत दोन डॉक्टर, एक ईसीजी, शुगर, थायरॉइड. कुठं काही नाही. मीच हट्ट केला की डोक्याचा एमआरआय करा. डोक्यात गाठ आहे याची मले खात्री आहे. गेल्या आठवड्यात माही पोरगी रीना कोणत्या वर्गात आहे हेच आठवेना. शाळेत मास्तरनं फॉर्म भरताना विचारलं अन् मी पेन धरून उभा. पोट्टी शेजारून म्हणे, "पापा, ट्वेल्थ." घरी येऊन तिच्यावरच ओरडलो की सिनेमाची गाणी कमी कर. ती रडली. मी पहिले असा नव्हतो. मले स्वतःची लाज वाटली, पण लाज वाटली की मी जास्तीच ओरडतो, हे काय आहे ते कळत नाही.

एमआरआयच्या नळकांड्यात आत सरकवलं अन् ते मशीन वाजाले लागलं. ठक् ठक् ठक्, मग एकदम लांब भोंगा. मी हातातला रबरी फुगा दाबला अन् बाहेर निघालो, चपला न घालता वऱ्हांड्यापर्यंत गेलो. दुसऱ्यांदा मीरा पाय धरून बसली तेव्हा झालं.

६ फेब्रुवारी, मंगळवार

रिपोर्ट नॉर्मल.

मीरानं हात जोडले. मले राग आला. खोटं कायले लिहू, गाठ निघाली असती तर बरं झालं असतं असं वाटलं. कारणाच्या रकान्यात काही तरी लिहिता आलं असतं. डॉक्टरनं मनाच्या डॉक्टरची चिठ्ठी दिली. मी म्हटलं, मी पागल नाही. मीरा म्हणे, पागल नसाल तं जाले कायले भेता?

१५ फेब्रुवारी, गुरुवार

पंडरीत कपड्याच्या दुकानावर दवाखाना. खाली साड्यांचे गठ्ठे उतरून राहिले, वर लोक माना खाली घालून बसलेले. मी तोंडाले रुमाल बांधून चढलो, धूळ आहे असं दाखवून. डॉक्टर विनोदिनीबाई नागपूरच्या, साठीच्या. मराठी ऐकून बरं वाटलं.

मी डायरी पुढं ठेवली. बाईंनी सगळी वाचली, पेन्सिलनं बारक्या खुणा केल्या. म्हणाल्या, नोंदी फार नीट आहेत, कारणाचा रकाना तेवढा रिकामा आहे. मग विचारलं, पाचच्या पाच रविवारी संध्याकाळी त्रास झालाय, रविवारी कुठं जाता? मी म्हटलं, मित्राकडं. त्या म्हणाल्या, बाकी सगळे त्रास शिटी, घंटी, हॉर्न यांच्या मागून आलेत, प्लांटात असा आवाज असतो का? मी म्हटलं, हूटर असतो. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं मी लगेच पुढं म्हटलं, पण त्या दिवशी मी नागपुरात होतो. बाईंनी कोणत्या दिवशी असं विचारलं नाही.

मी भट्टीवाला आहे म्हणून त्यांनी माह्याच भाषेत समजावलं. मेंदूत एक हूटर आहे, बदामाएवढा. धोका दिसला की तो वाजते अन् छाती धडधडते. अन् कपाळामागं एक शिफ्ट-इन्चार्ज बसला आहे, तो पाहून सांगते की धोका संपला, बंद कर. तिसरा एक रजिस्टर लिहिणारा, तो काय झालं अन् केव्हा झालं ते लिहिते. या तिघांमधी वायरी आहेत. महिनोन्‌महिने मनावर ताण राहिला की हूटरची वायर जाड होत जाते अन् इन्चार्जची ढिली पडते. मग कुकरची शिटीही धोका वाटते, पोरीचा वर्ग आठवत नाही, माणूस घरच्यांवर ओरडते. मी विचारलं, मग एमआरआयमध्ये काहून नाही दिसलं? म्हणाल्या, तो भिंतींचा फोटो आहे, वायरीत करंट कसा वाहतो ते त्यात येत नाही. अन् हे कायमचं नाही, म्हणाल्या. झोप, चालणं, मोकळं बोलणं, यानं ढिली वायर पुन्हा घट्ट होते.

अनंतरावचंही मी विचारलं. बाई म्हणाल्या, गॅसनं त्याचा रजिस्टर लिहिणाराच मारला. पण वाटणं वेगळ्या ठिकाणी राहते. काय झालं ते तो विसरंल, कसं वाटलं ते त्याच्याजवळ राहील.

उठताना गोळी लिहून दिली अन् म्हणाल्या, "तुमचा हूटर खोटा वाजतोय असं मी धरून चालते, गजभिये. खरा असेल, तर गोळीनं फक्त आवाज कमी होईल."

मी म्हटलं, खोटाच आहे बाई.

२६ फेब्रुवारी, सोमवार

आठ दिवस झोप लागली. कुकर वाजला, मी पेपर वाचत राहिलो. रीनाले गणिताचं विचारलं, तिनं हिंदीतच का होईना पण नीट सांगतलं. मीरानं संत्र्याची बर्फी आणली. मी म्हटलं, पहा, गाठ-बिठ काही नव्हती, उगाच भेलो.

आज प्लांटात नव्या ऑपरेटरनं फोन केला. दोन नंबर भट्टीचा हूटर उगाच वाजून राहिला, गॅस तर नाही, त्याचं डोकं उठलं. म्हणाला, "भैया, जम्पर डाल दूँ क्या?"

जम्पर म्हणजे वायरचा बोटभर तुकडा. तो पॅनलमध्ये दोन स्क्रूंच्या मधी बसवला की हूटर गप्प. गॅस असो नसो, गप्प.

छाती धडधडली नाही. हात कोरडे. मी शांतपणे म्हटलं, टाकू नको, इलेक्ट्रिशियनले बोलाव. फोन ठेवला अन् मग समजलं की आठ दिवसांपासून मीच गोळीचा जम्पर टाकून फिरून राहिलो. धडधड नाही म्हणून मले पहिल्यांदा भीती वाटली.

४ मार्च, रविवार. धुळवड

अनंतरावकडं गुलाल घेऊन गेलो. शारदावहिनी स्वयंपाकात होत्या. अनंतरावच्या गळ्यात दोरीनं अडकवलेली वही असते, विसरू नये म्हणून दवाखान्यातून सांगतलेली. तो हात धुवाले गेला अन् वही खुर्चीवर राहिली. पहिलं पान उघडंच होतं. वहिनींचं अक्षर.

"तुम्ही अनंत भुसारी. घरीच राहता. प्लांटात गॅस लागला, त्यानं आठवण राहत नाही. हूटर वाजला होता, तुमचं लक्ष नव्हतं. कोणावर रागावू नका."

वहिनी मागं येऊन उभ्या होत्या. म्हणाल्या, काय करू भाऊजी, पहिले रोज सकाळी उठून विचारत, कोणी केलं मले असं, साऱ्यांवर संशय घेत. मग कंपनीच्या कागदात होतं तेच लिहून ठेवलं. आता रोज सकाळी वाचतात अन् अर्धा घंटा भिंतीकडं तोंड करून बसतात. मग विसरतात. पण तोंड दिवसभर तसंच राहते. पारावर जाणं बंद, दाढी बंद. परवा मले म्हणाले, शारदा, मी कशाले उरलो.

पाच महिने. म्हणजे दीडशे सकाळी. प्रत्येक सकाळी त्याले ही बातमी पहिल्यांदाच कळते.

मी गुलाल तिथंच ठेवून आलो. आज गोळी घेतली नाही.

१२ मार्च, सोमवार

रीनाचा लाल पेन मागून घेतला. हे पान बाईंले दाखवणार नाही, मीरालेही नाही.

१ ऑक्टोबर २००६, सकाळची शिफ्ट. सकाळी ८ पासून कूलर प्लॅटफॉर्मचा गॅस-हूटर वारंवार वाजत होता. हातातल्या मीटरनं दोनदा तपासलं, गॅस नव्हता. ११ वाजता मी जम्पर टाकला.

नियम असा आहे की जम्पर टाकला की रजिस्टरात लाल शाईनं लिहायचं अन् पुढच्या माणसाले तोंडी सांगायचं. मी इतकी वर्षं सगळ्यांले हे शिकवलं. त्या दिवशी आई आधीच येऊन स्टेशनवर बसली होती. छप्पन साली चौदा वर्षांची पोर होती ती, त्या मैदानात उभी राहिली होती, अन् पन्नास वर्षांनी तिले पुन्हा तिथं उभं राहायचं होतं. गाडी सुटंल ही एकच चिंता. लाल पेन सापडेना. म्हटलं, स्टेशनवरून फोन करतो. निळ्या पेननं लिहिलं: सर्व ठीक. सही केली. स्टेशनवर एवढी गर्दी की आईचा हात धरता धरता फोन राहून गेला. मग नागपूर. मग मी खरंच विसरलो.

एवढंच असतं तर चूक म्हटली असती.

४ तारखेले सकाळी गेटवरच कळलं की अनंतराव दवाखान्यात आहे. मी दवाखान्यात गेलो नाही. आधी पॅनलकडं गेलो. जम्पर काढला, खिशात टाकला. ५ तारखेले चौकशीवाले आले, त्यांनी हूटर तपासला, तो खणखणीत वाजला. रजिस्टर पाहिलं. साहेब म्हणाले, गजभियेची नोंद आहे, म्हणजे ठीकच असणार. माह्या चांगल्या अक्षरानं अनंतरावले बुडवलं. मग मी केळी घेऊन त्याले भेटाले गेलो.

मी तिथं नव्हतो, मी तिथं नव्हतो, असं पाच महिने म्हणून राहिलो. माही वायर तिथं होती.

बाईंनी धरून चाललेलं चूक आहे. माहा हूटर खोटा नाही.

१४ एप्रिल, शनिवार

महिनाभर काही लिहिलं नाही. लिहून ठेवलं की झालं असं वाटलं होतं. काही झालं नाही. रोज ठरवतो, रोज बस पकडून प्लांटात जातो. नोकरी गेली तर रीनाचं काय, शेचाळिसाव्या वर्षी मले कोण घेईल, जेल होईल का. भित्रा माणूस आहे मी, हे इथं लिहून ठेवतो.

आज जयंती. विहारात दरवर्षी वंदना मीच घेतो, आवाज चांगला आहे म्हणून. सगळे माह्या मागून म्हणत होते. पहिलं शील, दुसरं, तिसरं. चौथं खोटं न बोलण्याचं. तिथं माहा आवाजच निघेना. शंभर माणसं हात जोडून थांबलेली. शेवटी मागच्या रांगेतून मीरानं म्हटलं अन् साऱ्यांनी तिच्या मागून म्हटलं.

घरी आलो तर तिनं डबा उघडला अन् तो लाल तुकडा माह्या हातावर ठेवला. फेकला नव्हताच.

"ऑक्टोबरात तुमी रोज झोपेत जम्पर जम्पर म्हणत होते," ती म्हणाली. "मले कळत नाई तुमच्या प्लांटातलं, पण एवढं कळते. मी वाट पाहून राहिली की तुमी सांगाल."

मी विचारलं, मग सांगतलं काहून नाही? ती म्हणे, "मी सांगतलं असतं तं ते माहं झालं असतं." मग म्हणाली, उद्या हे घेऊन जा शारदाताईकडं. नुसतं तोंडानं सांगाल तं अर्धंच सांगाल.

वीस वर्षं मले वाटे की हिले माहं काही समजत नाही.

१५ एप्रिल, रविवार

सांगतलं.

जम्पर टेबलावर ठेवला अन् सगळं सांगतलं, नागपूर, निळा पेन, खिसा. आवाज चढवला नाही, रडलो नाही. रडणं म्हणजे पुन्हा आपलंच दुःख त्यांच्यापुढं मांडणं झालं असतं. अनंतराव ऐकत होता. मग त्यानं विचारलं:

"मंग हूटर वाजलाच नाई?"

"नाई."

"म्हणजे मी ऐकलं नाई असं नाई. तो वाजलाच नाई."

हे त्यानं तीनदा म्हटलं. मग उठून आरशापुढं गेला अन् कंगव्यानं केस नीट केले, किती दिवसांनी कोण जाणे. आरशातूनच म्हणाला, तू जा आता.

शारदावहिनी दाराची चौकट धरून उभ्या होत्या. मले वाटलं शिव्या देतील. दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"सहा महिने मी यांले रोज सकाळी मारलं, भाऊजी," त्या म्हणाल्या. "माह्या हातानं, माह्या अक्षरात. अन् तुमी दर रविवारी इथं बसून चहा प्याले."

त्यांनी वहीचं पहिलं पान फाडलं अन् वही माह्यापुढं टाकली. म्हणाल्या, तुमीच लिहा. रीनाचा लाल पेन खिशात होता. मी रजिस्टरात लिहितो तसं लिहिलं:

"१ ऑक्टोबर २००६, सकाळी ११. कूलर प्लॅटफॉर्मच्या हूटरले मी जम्पर टाकला. नोंद केली नाही. कोणाले सांगतलं नाही. त्यामुळं २ तारखेले हूटर वाजला नाही. अनंत भुसारी यांची काहीही चूक नाही. ४ तारखेले जम्पर मी काढून लपवला. देवीदास गजभिये." खाली सही, तारीख, वेळ.

१६ एप्रिल, सोमवार

हेच प्लांटात लिहून दिलं, दोन प्रतींत. साहेबांनी दार लावलं, पाणी दिलं, म्हणाले, गजभिये, केस बंद झाली आहे, कोणी विचारून राहिलं नाही, कागद परत घे. मी म्हटलं, साहेब, एक प्रत त्यांच्या घरी आहे. दुपारी सस्पेंडचं पत्र मिळालं. पुढं काय ते चौकशी पुन्हा उघडल्यावर. बसमधून उतरलो तर सिलतऱ्याच्या काळ्या धुळीनं बाह्या भरलेल्या होत्या, मीरानं शर्ट भिजत घातला. रीनानं पाणी आणून दिलं.

विनोदिनीबाईंले फोनवर सांगतलं. मग म्हणाल्या, गोळी बंद करू नका. ती कारण झाकायला नसते, उभं राहायला असते.

२२ एप्रिल, रविवार

जावं का नाही, दुपारपर्यंत ठरत नव्हतं. मीरा म्हणे, गोळी घेतली काय? घेतली होती. मंग जा.

अनंतराव बाहेर ओट्यावर बसला होता. दाढी केलेली, धुतलेला सदरा. येणाऱ्या-जाणाऱ्याले हाक मारून राहिला होता. दारावरच्या भाजीवाल्याशी कांद्यावरून हुज्जत घातली म्हणे सकाळी. वहिनींनी दारातून पाहिलं, या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. एवढंच म्हणाल्या की हे आता सकाळी भिंतीकडं बसत नाहीत.

मले पाहून त्याचं तोंड बदललं. अकरा वर्षांत त्यानं मले पाहून असं तोंड केलं नव्हतं. मी पायरीवर बसलो. नागपूर कसं झालं, हे तो विचारंल म्हणून वाट पाहिली. त्यानं विचारलं नाही. रस्त्याकडं पाहत राहिला. मग म्हणाला:

"काहून कोण जाणे देवीदास, आज तुह्याशी बोलाचं मन नाई होऊन राहिलं. तू काही केलं काय?"

मागच्या रविवारचं त्याले काही आठवत नव्हतं. वही सकाळी वाचली असंल, तेही गेलं. हसून म्हणता आलं असतं, अरे कुठं काय, उन्हानं होते असं. तोंडावर आलं होतं. खोटं इतकं तयार असते आपल्याजवळ.

मी म्हटलं, हव, केलं. वहीचं पहिलं पान वाच.

त्यानं वाचलं. बोट फिरवत फिरवत, सहीपर्यंत. पहिल्यांदाच वाचून राहिला होता तो. मीही त्याच्या तोंडाकडं पाहत राहिलो, मान वळवली नाही. हे आता दर रविवारी करावं लागंल. त्यानं वही मिटली.

"अक्षर चांगलं आहे तुहं," म्हणाला. "जा आता."

पुढच्या रविवारी येतो म्हटलं.

संध्याकाळी ५.२०, बूढ़ा तालाबाजवळ. छातीत धडधड, हाताले घाम, दहा मिनिटं. कारण: माहीत आहे.